वाद्याचा आत्मा

जॅझ संगीताच्या मेळात सर्वांत मोठे वाद्य बहुधा मागच्या बाजूला उभे असते. त्याचे नाव डबल बास. आकार व्हायोलिनचा, उंची मात्र सुमारे सहा फूट, आणि तारा चार. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात कृष्णवर्णीय कलावंतांनी जॅझ रुजविले. या संगीतात बासवादक बहुधा गज बाजूला ठेवून बोटांनीच तारा छेडतो, आणि त्या गंभीर नादाच्या आधाराने सारा मेळ पावले टाकतो. तंबोरा थांबताच गाणे पोरके व्हावे, तसे बास थांबताच जॅझ पोरके होते.

परंतु असे वाद्य पदरी बाळगणे सोपे नव्हे. स्प्रूस आणि मेपल या झाडांच्या जाड फळ्या कोरून घडविलेला बास होतकरू वादकाच्या ऐपतीबाहेरचा असतो. १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस शिकागो येथील ‘के’ कंपनी प्लायवूडचे स्वस्त बास बनवू लागली. कोरीव बासाच्या नादाची खोली त्यांना नव्हती, म्हणून कित्येक जाणकारांनी नाके मुरडली. तथापि प्लायवूडचे थर एकमेकांवर आडवे-उभे चिकटविलेले असल्यामुळे हवेतील कोरडेपणाने ते सहसा तडकत नाही. आज या गावी तर उद्या त्या गावी वाजवणाऱ्या वादकाला हा गुण मोलाचा वाटला. शाळांतील मुलांनाही बास शिकता येऊ लागला.

स्वस्त वाद्यालाही निगा मात्र हवीच. बासाच्या पोटात, घोडीच्या एका पायाजवळ, एक बारीक लाकडी दांडी उभी असते. तिला खिळा नाही की सरस नाही. तारांच्या दाबामुळेच ती दोन फळ्यांमध्ये टिकून राहते आणि वरचे कंपन खालच्या फळीस पोचविते. इटालियन लोक तिला ‘आत्मा’ म्हणतात. सर्व तारा एकदम सैल केल्या तर ती कोसळण्याचा संभव असतो. म्हणून जाणता वादक एक तार काढतो, तिच्या जागी नवी चढवितो, आणि मगच दुसरीला हात लावतो. तारा ताणताना घोडी पुढे झुकते. तो ती वेळीच सरळ करतो. बास खाली ठेवताना तो कुशीवर निजवितो, म्हणजे घोडीवर भार येत नाही. कडेचा सांधा उकलला तर तो घाबरत नाही. तो सांधा मुद्दामच मऊ सरसाने जोडलेला असतो. ताण आला असता सांधा सुटावा, पण लाकूड फुटू नये, हीच कारागिराची योजना असते.

श्रीमंताचा कोरीव बास कोपऱ्यात धूळ खात राहिला, तर त्याचा आत्मा केव्हा ढळला हे कोणास कळतही नाही. गरिबाच्या साध्या बासाला मात्र रोज मायेचा हात लागतो, आणि रात्री मेळ जमला की सर्वजण त्याच्याच ठेक्यावर विसंबून वाजवितात.