नकाशातलं गावकुस

घर पाहिजे. पक्कं पाहिजे, आत संडास असलेलं पाहिजे, आपल्या नावावर पाहिजे. यावर मी कुणाशी वाद घालत नाही. ज्याला घालायचाय त्यानं पावसाळ्यात पहाटे पाचला सामाईक संडासाच्या लायनीत डबा घेऊन उभं राहून दाखवावं. मग बोलू.

मला बोलायचंय ते घराच्या नकाशाबद्दल. तो कोण काढतो, आणि काढताना आपल्याला कुठं बसवतो. मोर्चा, निवेदन, घेराव हे सगळं आपल्याला येतं. पण नकाशा समोर आला की आपण म्हणतो, ते इंजिनियरचं काम. इथंच आपण मार खातो.

मी आयटीआयचा ड्राफ्ट्समन. वरळीच्या बीडीडी चाळीत जन्मलो. बाप गिरणीत. १९८९ पासून हेच काम करतोय. आधी बोर्ड, टी-स्क्वेअर आन् ट्रेसिंग पेपर, मग कॉम्प्युटर. साहेब पेन्सिलीनं रेघोट्या मारतात, आम्ही त्याचा नकाशा करतो, सही साहेबांची. या धंद्यानं मला एक गोष्ट शिकवली. कागदावरची रेघ कुणाच्या तरी खिडकीसमोरची भिंत असते. रेघ अर्धा इंच इकडं सरकली तर कुणाला ऊन मिळतं, तिकडं सरकली तर जन्मभर ट्यूबलाइट.

बाबासाहेबांना हे नीट कळलं होतं. जात नुसती डोक्यात नसते, जमिनीवर आखलेली असते. गावाकडं आपला महारवाडा बहुतेक ठिकाणी पूर्वेला. वारा पश्चिमेचा. म्हणजे गावावरनं आलेला वारा आपल्या अंगावर येणार, आपल्या अंगावरचा गावात जाणार नाही. पाणवठा वेगळा, मसणवटा वेगळा, वाट वेगळी. याला नगररचना म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? म्हणून तर जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींचा ठराव झाला. म्हणून तर ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याच्या गौरवाची चिरफाड केली. आपल्याला वाटतं हे राजकारण झालं. माझ्या मते ते वास्तुशास्त्रसुद्धा होतं. देव्हारा कुठं आणि चूल कुठं, ते वास्तुशास्त्र नव्हे. माणसाला माणूस म्हणून राहता येईल अशी जागा कशी आखायची, ते शास्त्र.

त्यांनी स्वतःसाठी काय केलं तेही बघा. परळच्या बीआयटी चाळीत दोन खोल्या. एक संसाराला, एक अभ्यासाला. पुढं दादरला राजगृह बांधलं ते पुस्तकांसाठी जागा धरून. वाचणाऱ्या माणसाला उजेड लागतो, कोपरा लागतो, हे त्या माणसानं आधी घरात सिद्ध केलं. आज आपल्या पुनर्वसनाच्या नकाशात अभ्यासाचा कोपरा कुणी मागितलेला मी पाहिला नाही.

शहरात आलो म्हणजे गावकुस सुटलं असं आमच्या बापांना वाटलं. बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. १९२० साली गव्हर्नर लॉइडच्या काळात काढलेलं खातं. ५० हजार खोल्या बांधायचा बेत होता. बांधल्या गेल्या साडेसोळा हजारांच्या आसपास. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती. तळमजला अधिक तीन, मधोमध लांबलचक अंधारा पॅसेज, दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या. खोली १६० चौरस फूट. माळ्यावर सामाईक संडास. सुरुवातीला कामगारसुद्धा तिथं राहायला तयार नव्हते, कितीतरी खोल्या रिकाम्या पडल्या होत्या. १९३० च्या सत्याग्रहात वरळीच्या काही चाळींचा तात्पुरता तुरुंग केला गेला. ज्या इमारतीचा सहज तुरुंग होतो तिच्यात आम्ही संसार केले.

आणि तिथंही गावकुस आलंच. ही चाळ आपल्या लोकांची, ती चाळ त्यांची. मी चार वर्षांचा होतो, ५ जानेवारी १९७४ ला पँथरच्या सभेवर दगडफेक झाली आणि वरळी पेटली. १० जानेवारीला परळला मोर्च्यावर वरून टाकलेल्या दगडानं भागवत जाधव शहीद झाला. खालून चालणारा आपला माणूस, वरून पडणारा दगड. गच्ची आणि रस्ता, यांतसुद्धा जात उभी असते.

म्हणून परदेशी कॅमेरे घेऊन आलेले लोक चाळीला ‘किती छान समूहजीवन’ म्हणतात तेव्हा माझं डोकं फिरतं. समूहजीवन आम्ही हौसेनं केलं नाही. १६० फुटांत नऊ माणसं मावत नव्हती म्हणून आम्ही पॅसेजात झोपलो. पण हेही खरं, की त्याच पॅसेजच्या बल्बाखाली पोरं मॅट्रिक झाली. कुणाच्या आयेला दम लागला तर दहा दारं उघडायची. चाळीसमोरच्या उघड्या जागेत जयंतीचा मांडव, शाहिराचा जलसा, रात्रीच्या मीटिंगा. चळवळ त्या उघड्या जागेत वाढली. हे सगळं नकाशाच्या कुठल्याही टेबलात नसतं. टेबलात असतात फक्त चौरस फूट.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट सांगतो. झोपडपट्टी पुनर्वसनाची योजना १९९५ साली आली. बिल्डरनं झोपडीवाल्याला फुकट घर द्यायचं, उरलेल्या जागेवर विकायची घरं बांधायची. त्या वेळी मी एका ऑफिसात होतो. तिथं नकाशावर दोन शब्द रोज यायचे. ‘रिहॅब’ आणि ‘सेल’. जमीन एकच, वस्ती आपली, पण कागदावर मधोमध एक जाड रेघ. रस्त्याची बाजू सेलला. उजेड, वारा, झाडं सेलला. मागची नाल्याकडची चिंचोळी पट्टी रिहॅबला. दोघांची फाटकं वेगळी. मी साहेबांना विचारलं, ‘सर, दोन रिहॅब बिल्डिंगमध्ये तीनच मीटर? खालच्या मजल्यावर ऊन कसं येणार?’ साहेब म्हणाले, ‘अरे, फुकट मिळतंय त्यांना. आणि नियमात बसतंय.’

नियमात बसत होतं हे खरं. नियमच तसा आहे. दुसऱ्या इमारतींना जेवढी मोकळी जागा सोडावी लागते तेवढी रिहॅबला सोडावी लागत नाही, सवलत आहे. जगात नियम सांगतात की एवढ्या जागेत जास्तीत जास्त इतकीच घरं बांधा. इथं उलटं. हेक्टरी कमीत कमी ६५० घरं झालीच पाहिजेत. म्हणजे कोंबणं हाच कायदा. त्या दिवशी मला बोर्डावर गावकुस दिसलं. शाई काळी होती, रेघ जुनीच होती.

याचा परिणाम काय होतो ते मानखुर्द-गोवंडीला जाऊन बघा. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड, पीएमजीपी कॉलनी. रस्ते, रेल्वे, नाले यांच्यासाठी उठवलेली माणसं तिथं नेऊन टाकली. इमारतींमधलं अंतर अवघं तीनेक मीटर. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेनं तिथं पाहणी केली, २०१८ मध्ये तिचे निष्कर्ष बाहेर आले. जिथं ऊन आणि हवा पोचत नाही त्या खालच्या मजल्यांवर क्षयरोग जास्त. दोस्तांनो, क्षयाचे जंतू जात विचारत नाहीत. पण अंधारी खोली कुणाला द्यायची हे ज्यानं ठरवलं त्यानं मात्र विचारलं होतं, माणसाची ऐपत विचारून. आपल्या देशात ऐपत आणि जात किती लांब असतात ते तुम्हाला सांगायला नको.

मग दुसरी वाट आहे का? आहे. पुण्यात येरवड्याला आहे. २००५ च्या अखेरीला केंद्राची नेहरूंच्या नावाची शहर योजना निघाली, तिच्यात गरिबांच्या घरांसाठी पैसा होता. त्यातून येरवड्यातल्या काही वस्त्यांत वस्ती न उठवता घरं बांधली. आर्किटेक्ट प्रसन्न देसाई, सोबत ‘स्पार्क’ आणि ‘महिला मिलन’च्या बाया. पक्की घरं ठेवली, कच्ची तेवढी पाडली, आणि ज्याचं घर जिथं होतं तिथंच त्याचं नवं घर. सुमारे २७० चौरस फूट, पण तळमजल्यावर एक मजला, कुठं दोन. खर्चाचा दहावा हिस्सा कुटुंबाचा. घराचा आराखडा बायांना कळावा म्हणून कापड ताणून खऱ्या मापाच्या खोल्या उभ्या केल्या. बाई आत शिरली, हात पसरला, म्हणाली मोरी इकडं नको, तिकडं पाहिजे. कागद वाचता येत नव्हता तिला, पण मोरी कुठं पाहिजे हे तिच्याइतकं कुणाला कळणार?

सगळं गोड झालं असं नाही. ज्यांची जागा अगदीच टीचभर होती त्यांना शेजाऱ्यांशी जागा जोडून वर चढावं लागलं. कामं रखडली. पण शेजार तुटला नाही, धंदा दारात राहिला, उंबऱ्यावर बसणारी म्हातारी उंबऱ्यावरच राहिली. लिफ्ट नाही, म्हणून लिफ्टचं बिल नाही. पोरगं मोठं झालं तर एकेक करून घर सुधारता येतं. आजकाल आर्किटेक्ट लोक ‘शाश्वत’ हा शब्द फार वापरतात. छपरावर सोलर लावलं, कुंड्या ठेवल्या की झालं शाश्वत. माझी व्याख्या सोपी आहे. दिवसा दिवा लावावा लागत नाही, आणि वीस वर्षांनीही त्यात तीच माणसं राहतात, ते घर शाश्वत.

आता आमच्या वरळीचं. बीडीडीचा पुनर्विकास म्हाडाकडं आला, २०१७ साली भूमिपूजन झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. चाळीस मजली टॉवर, ५०० चौरस फुटांचं घर. १६० वरनं ५०० वर आलो, आत दोन संडास आले. हे कुणी दान दिलेलं नाही. शंभर वर्षं ज्यांनी त्या चाळी जगवल्या त्यांचा तो हक्क. ज्यांना मिळालं त्यांच्या आनंदात मी आहे.

आमच्या चाळीची पाळी अजून यायचीय. आई आता ऐंशीच्या घरात आहे. ती मला विचारते, ‘बाबा, लिफ्ट बंद पडली तर मला खाली कोण आणील? माझ्या मयताला खांदा देऊन चाळीस जिनं कोण उतरंल?’ मी हसतो. पण रात्री हिशेब करत बसतो. पाणी पंपानं चढणार, माणूस लिफ्टनं चढणार, आगीची यंत्रणा, वॉचमन, झाडलोट. सुरवातीच्या सवलतीची वर्षं संपली की हे बिल कुणाच्या पेन्शनीतनं जाणार? शेजारची मावशी पॅसेजात भाजी निवडून खाली विकते, ती अठ्ठाविसाव्या मजल्यावरनं टोपली घेऊन रोज उतरणार का? बिल थकलं की दलाल दारात. मग घर विकून बदलापूर, नालासोपारा. पाच-दहा वर्षांनी टॉवर तिथंच असेल, पण पाट्यांवरची नावं बदललेली असतील. तेव्हा सहा डिसेंबरला शिवाजी पार्ककडं जाणाऱ्या लोकांना पाणी द्यायला वरळीत कोण उभं असेल? पुनर्वसन इमारतीचं झालं, वस्तीचं झालं नाही, असा निकाल लागेल.

म्हणून माझं म्हणणं असं. पुनर्विकासाच्या मीटिंगला जाताना ‘किती फूट मिळणार’ हा एकच प्रश्न घेऊन जाऊ नका. विचारा, दोन इमारतींत अंतर किती? सगळ्यात खालच्या घरात ऊन किती तास येतं, ते काढून दाखवा. देखभालीचा फंड किती, कुणाच्या नावावर, आणि तो संपल्यावर काय? विहार, वाचनालय आणि जयंतीची मोकळी जागा मंजूर नकाशात रंगवलेली आहे की नुसती तोंडी? धंदेवाल्यांना तळमजला मिळणार का? आपल्या फाटकाचा रस्ता आणि सेलवाल्याच्या फाटकाचा रस्ता एकच आहे का? हा शेवटचा प्रश्न विचारला की समोरचा माणूस खुर्चीत सरकतो. तिथंच थांबा, उत्तर घेतल्याशिवाय उठू नका.

नकाशा वाचणं अवघड नाही. एका रविवारात येतं. स्केल कसं बघायचं, उत्तर दिशेचा बाण कुठं असतो, तुटक रेघ म्हणजे काय, भरीव रेघ म्हणजे काय. प्रत्येक वस्तीत दोन पोरं आणि दोन पोरी तयार झाल्या पाहिजेत. पोरी जास्तच, कारण घरात मोरी कुठं पाहिजे ते त्यांना विचारल्याशिवाय ठरता कामा नये. आपली पोरं आर्किटेक्चरला गेली पाहिजेत, आणि गेल्यावर सेलच्या बाजूला बसून मुकी झाली नाही पाहिजेत. मंजूर नकाशाची प्रत माहितीच्या अधिकारात मागता येते. २००५ चा कायदा आहे, वापरा.

बाबासाहेबांनी चवदार तळ्याला हात लावला तेव्हा ते पाण्याला लावला तसा जागेलाही लावला. त्या जागेवर आमचाही हक्क आहे म्हणून. नकाशा हे आजचं तळं आहे. काठावर उभं राहून चालायचं नाही.

पुढल्या मीटिंगला एक मोजपट्टी आणि एक होकायंत्र घेऊन या. बाकीचं मी शिकवतो.

जयभीम.