मस्तगडाखालचा हंडा

जालन्याच्या मस्तगडाला मोठा इतिहास नाही. निजामुल्मुल्क आसफजाहाच्या हुकमावरून काबिलखानाने १७२५ साली ही गढी बांधली. पाहावी ती आतली विहीर! तिला चक्क दालने आहेत. पाण्याची बडदास्त ठेवावी, तर अशी.

गढीजवळच आमचे जुने घर. तिथे आई एकटी राहते आणि नळ आला, की ऐंशीच्या घरातही हंडे माडीवर चढवते. म्हणून यंदा दिवाळीला भाचा यंत्रमानवांची माहितीपत्रके घेऊनच आला.

पहिला चिनी, युनिट्री जी-१. उंची चार फूट चार इंच, २०२४ मध्ये किंमत १६,००० डॉलरपासून होती. चालतो, नाचतो, पण हाताला पेलतात सुमारे दोन किलो.

"म्हणजे तांब्या!" आई म्हणाली.

दुसरा निओ. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेत त्याची नोंदणी सुरू झाली. किंमत २०,००० डॉलर. पण पंचवीस किलो वाहतो, असे त्याचे कर्ते सांगतात. आईचा चेहरा खुलला.

"एकच आहे, आजी," भाचा चाचरला. "त्याला न येणारे काम असले, तर तुझ्या परवानगीने कंपनीचा माणूस दुरून त्याच्या डोळ्यांनी बघतो आणि करून देतो."

"माझ्या माजघरात परका माणूस?"

"नुसते डोळे गं!"

"डोळेच तर नकोत!"

इतक्यात नळ खाकरला. मी बाणेदारपणे हंडा उचलला. तिसऱ्याच पायरीवर कंबरेत उसण भरली.

आई भाच्याला म्हणाली, "तो तांब्यावाला दाखव रे पुन्हा."