बर्लिनची दोन दिवसांची सफर

शाळेच्या वार्षिकासाठी काही प्रवासवर्णन लिहून पाठवावे, असा संपादकांचा निरोप आला तेव्हा प्रथम माझे मन कचरले. युरोप पाहून आलेले आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी आज पुष्कळ आहेत; त्यांच्यापुढे माझी दोन दिवसांची सफर ती काय! तथापि त्या दोन दिवसांत जे पाहिले, त्यायोगे आमच्या घरातील एक जुने शल्य निघाले. म्हणून ती हकीकत बालमित्रांपुढे व त्यांच्या आईवडिलांपुढे ठेवण्याचे धाडस करीत आहे.

माझे थोरले बंधू नोकरीनिमित्त पुष्कळ वर्षे जर्मनीतील हानोव्हर शहरी राहतात. आम्ही दोघे सख्खे भाऊ; परंतु वडील निवर्तल्यावर घराच्या वाटणीवरून आमच्यात वितुष्ट आले आणि अंगणाच्या मधोमध पुरुषभर उंचीची विटांची भिंत घालण्यात आली. कडुनिंबाचे झाड दादांच्या वाट्यास गेले, पाण्याचा आड माझ्या. पुढे दादा परदेशी गेले. त्यांच्या बाजूच्या दारास कुलूप लागले. भिंत मात्र होती तशीच उभी राहिली. आमचे बोलणे कामापुरते उरले. इसवी सन २०२३ च्या उन्हाळ्यात दादांनी आपण होऊन मला बोलावणे धाडले आणि आईने “जाऊन ये” असा हट्टच धरला, म्हणून मी गेलो. गेलो खरा, पण पहिले चार दिवस हवापाण्याखेरीज आम्हा भावांत दुसरा विषय निघाला नाही. अखेरीस वहिनींनीच तोड काढली. त्या म्हणाल्या, “शनिवार-रविवार भावजींना मोटारीने बर्लिन दाखवून आणू या.”

जून महिन्यातील शनिवारी सकाळी सहा वाजता आम्ही निघालो. त्या देशी उन्हाळ्यात पाचाच्या आधीच सूर्योदय होतो, त्यामुळे चांगले लख्ख उजाडले होते. वहिनींनी दशम्या, शेंगदाण्याची चटणी व गुळाचा खडा असा डबा बरोबर घेतला होता. दादा गाडी चालवीत होते व मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. तेथे वाहने रस्त्याच्या उजव्या अंगाने चालतात व सुकाणूचाक डावीकडे असते. त्यामुळे पहिला तासभर माझा पाय नसलेला ब्रेक दाबीत राहिला! मागे बसलेली माझी बारा वर्षांची पुतणी वाहनांच्या पाट्या वाचण्याचा खेळ खेळत होती. पाटीवरील आद्याक्षरावरून वाहन कोणत्या गावचे ते कळते. हानोव्हरला ‘एच’ व बर्लिनला ‘बी’ असे एकच अक्षर आहे. लहान गावांना बहुधा दोन किंवा तीन. “काका, बर्लिनची सात झाली!” असे ती ओरडे, आणि तेवढ्यापुरते पुढे बसलेले आम्ही दोघे हसत असू.

हानोव्हरपासून बर्लिन सुमारे २८५ किलोमीटर आहे. रस्ता ‘ए-२’ नावाचा ऑटोबान. या महामार्गांच्या काही भागांत वेगाला कायद्याची मर्यादा नाही. ताशी १३० किलोमीटर हा वेग केवळ सुचविलेला आहे. मला मात्र त्या वेगापेक्षा दुसऱ्याच एका गोष्टीचे नवल वाटले. ब्राउनश्वाइग शहराच्या आसपास पुढे कोठे अपघात झाला होता व वाहनांची रांग लागली होती. गाड्यांचा वेग मंदावताच, कोणी न सांगता, डाव्या पट्ट्यातील प्रत्येक गाडी डावीकडे सरली व बाकीच्या उजवीकडे सरल्या, आणि मधून एक सरळ वाट मोकळी झाली. थोड्याच वेळात रुग्णवाहिका त्या वाटेने भरधाव निघून गेली. रांग लागली की अशी वाट सोडणे हा तेथील कायदा आहे. शिंग वाजविणे नाही, धक्काबुक्की नाही. ज्याचा जीव धोक्यात आहे तो कोण, हे कोणास ठाऊक नव्हते; तरी त्याच्यासाठी प्रत्येकाने आपली हातभर जागा दिली होती. मी दादांकडे पाहिले. दादा समोर पाहत होते.

हेल्मश्टेट मागे टाकल्यावर मारीनबोर्न येथे आम्ही थांबलो. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीचे दोन देश झाले, त्यांच्या सीमेवरील हे सर्वांत मोठे नाके होते. ते १९४५ साली सुरू झाले व ३० जून १९९० रोजी बंद झाले. आता तेथे स्मारक आहे. उंच दिव्यांचे खांब, लांबच लांब छपऱ्या व तपासणीच्या रिकाम्या खोल्या तशाच राखलेल्या आहेत. प्रवाशाचे पारपत्र त्याच्या हातून घेऊन एका झाकलेल्या सरकत्या पट्ट्यावरून आत पाठवीत, आणि ते परत येईपर्यंत तो गाडीत निमूट बसून राही. कोणी लपून पळून जात नाही ना, हे पाहण्यासाठी गाडीखाली आरसे धरीत. पुतणीच्या शाळेची सहल पूर्वी तेथे येऊन गेली होती, म्हणून तिनेच आम्हास सर्व हिंडून दाखविले. तेथून बर्लिनपर्यंतचे सुमारे १७० किलोमीटर अंतर पश्चिमेकडील लोक त्या काळी दुसऱ्या देशातून जात. आणि ठरलेला रस्ता सोडून बाजूच्या गावात राहणाऱ्या भावाच्या दारी जाण्याची त्यांना मोकळीक नव्हती. पुतणीने हे सांगितले तेव्हा आम्हा दोघांपैकी कोणी काहीच बोलले नाही.

दुपारपूर्वी आम्ही बर्लिनला पोहोचलो. शहराच्या मध्यभागी जाणाऱ्या मोटारीच्या काचेवर धूर कमी सोडणारी गाडी म्हणून हिरवी चिठ्ठी असावी लागते. ती दादांच्या गाडीवर होती. तरीही आम्ही गाडी मुक्कामाच्या ठिकाणी ठेवून आगगाडीने हिंडलो, कारण मोठ्या शहरात मोटार ही सोय नसून ओझे असते. सायंकाळी ब्रांडेनबुर्ग दरवाजा पाहिला. १७८८ ते १७९१ या काळात बांधलेला हा दरवाजा. त्याच्या माथ्यावर चार घोड्यांचा रथ आहे. १८०६ साली नेपोलियनने तो रथ पॅरिसला नेला व १८१४ साली तो परत आला. रात्री नऊ वाजले तरी ऊन मावळले नव्हते. दरवाजाच्या पश्चिमेस रस्त्यात दगडी चिऱ्यांची एक दुहेरी ओळ बसविलेली आहे; तीवरून सायकली व मुले खुशाल ये-जा करीत होती. ती बर्लिनच्या भिंतीची खूण.

ही भिंत घालण्यास १३ ऑगस्ट १९६१ रोजी प्रारंभ झाला. पश्चिम बर्लिनला वेढा घालणाऱ्या या सीमेची लांबी सुमारे १५५ किलोमीटर होती व तीपैकी ४३ किलोमीटर शहराच्या पोटातून गेली होती. ९ नोव्हेंबर १९८९ च्या रात्री लोकांच्या रेट्यापुढे तिची नाकी उघडली. तोपर्यंत निदान १४० माणसे त्या भिंतीपायी प्राणास मुकली होती.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, आम्ही नॉर्डबानहोफ स्थानकावर उतरलो. देश दुभंगलेला असता पश्चिमेच्या गाड्या या भुयारातून जात, पण येथे थांबत नसत. अंधुक प्रकाशात शिपाई तेवढे पहारा देत. अशा स्थानकांना लोक ‘भुतांची स्थानके’ म्हणत. वर येताच बेर्नाउअर रस्ता लागतो. येथे घरे पूर्वेची, तर त्यांच्या पुढील पदपथ पश्चिमेचा होता! उंबरठा ओलांडला की परमुलूख. प्रथम दारे बंद झाली, मग खिडक्या विटांनी बुजविण्यात आल्या. २२ ऑगस्ट १९६१ रोजी ईडा झीकमान नावाच्या ५८ वर्षांच्या बाईंनी आपले अंथरूण-पांघरूण खाली टाकून तिसऱ्या मजल्यावरून उडी घेतली व त्या मरण पावल्या. ज्या रस्त्याने रोज भाजी आणावयाची, त्या रस्त्यावर उतरण्यास असे करावे लागले.

याच रस्त्यावर १८९४ साली बांधलेले एक उपासनामंदिर होते. त्याचे नाव ‘समेटाचे मंदिर’. भिंत नेमकी त्याच्या समोरून गेली आणि ते दोन भिंतींमधल्या निर्मनुष्य पट्ट्यात सापडले. कित्येक वर्षे ते बंद राहिले व जानेवारी १९८५ मध्ये सुरुंग लावून पाडण्यात आले. त्यानंतर पाच वर्षांच्या आत भिंतीची नाकीच उघडली! त्याच जागी ९ नोव्हेंबर २००० रोजी एक लहानसे लंबवर्तुळाकार प्रार्थनामंदिर उघडले. त्याची भिंत सिमेंटची नाही. माती थरावर थर घालून, ठोकून घट्ट केलेली आहे, आणि त्या मातीत पाडलेल्या मंदिराचे तुकडे मिसळलेले आहेत. भोवतालच्या पट्ट्यात, जेथे पूर्वी शिपायांचा पहारा असे, तेथे राय नावाचे गव्हासारखे धान्य पेरतात. आम्ही गेलो तेव्हा ते कमरेएवढे वाढून वाऱ्यावर डोलत होते. जवळच गुडघे टेकून एकमेकांस मिठी मारणाऱ्या दोन व्यक्तींचे शिल्प आहे. ते जोसेफिना द वास्कोन्सेलोस या शिल्पकर्त्रीचे असून त्याच्या प्रती कॉव्हेन्ट्री व हिरोशिमा येथेही आहेत. शाळेत असताना पवित्र शास्त्राच्या तासाला, इफिसकरांस पत्र लिहिताना पौलाने दोन समाजांमधील वैराची भिंत पाडल्याविषयी जे म्हटले आहे, ते मी पाठ केले होते. त्याचा अर्थ त्या दिवशी कळला.

दादांनी मातीच्या भिंतीवर हात ठेवला. “अरे, ही तर आपल्या गावच्या घरासारखी,” ते म्हणाले. मग आम्ही बाहेर बाकावर बसलो. वहिनी पुतणीला घेऊन शेताकडे गेल्या. बऱ्याच वेळाने दादा बोलले, “अंगणातली भिंत घातली तेव्हा गवंड्याजवळ मी उभा राहून विटा मोजून घेत होतो. आई ओसरीवर बसली होती. तिच्याकडे मी एकदाही पाहिले नाही.”

“मी पाहिले होते, दादा,” मी म्हणालो. “पाहूनही गप्प राहिलो. आड माझ्याकडे आला, म्हणून मनातून मला बरेच वाटत होते. तुम्ही एकट्याने भिंत घातली, असे मी लोकांना सांगत आलो. ते खरे नाही.”

इतक्या वर्षांत न बोललेले ते एवढेच होते. चार वाक्यांत संपले! त्या भिंतीची व आमच्या भिंतीची तुलना करणे योग्य नव्हे. तेथे माणसे मेली. येथे एका म्हातारीचे अंगण तेवढे अर्धे झाले. पण ती भिंत परक्यांच्या हुकमाने उभी राहिली होती असे तेथील पुष्कळ लोक म्हणू शकले. आमची आम्हीच हौसेने घातली होती, आणि तिच्यावर पहाराही आम्हीच केला होता.

दादांनी तेथूनच आईला दूरध्वनी केला. तिकडे साडेचार वाजले होते. आईची चहाची वेळ. आम्ही दोघे एकदम बोलू लागलो, तशी ती म्हणाली, “दोघे एका ठिकाणी बसला आहात ना? मग झाले. बाकीचे घरी आल्यावर सांगा.”

परतीच्या वाटेवर मी पाट्यांच्या खेळात भाग घेतला व हरलो. दादा मला लहानपणी आडात पडलेल्या माझ्या चपलेची गोष्ट सांगत होते; ती पुतणीने तीन वेळा सांगावयास लावली.

त्याच वर्षी नाताळच्या सुटीत दादा सहकुटुंब घरी आले. भिंत घालण्यास आठ दिवस लागले होते. पाडण्यास एक सकाळ पुरली. निघालेल्या विटांचा आम्ही कडुनिंबास पार बांधला. आई संध्याकाळी त्यावर बसते. जेथे भिंत होती, तेथे जमिनीवर एक फिकट पट्टा अजून दिसतो. आळीतील मुलांना त्याचा इतिहास ठाऊक नाही. हुतूतू खेळताना ती मधली रेघ म्हणून तो त्यांना बरा सापडला आहे, आणि रेघेवरून तंटा झालाच तर पारावरून आई निवाडा करते.