उलाढाल आणि शिल्लक

हवामानबदलाचा विषय निघाला की मी एक हिशेब पुढे करायचो. जगातली झाडंझुडपं दर वर्षी साधारण 120 अब्ज टन कार्बन हवेतून घेतात, समुद्राची देवघेव वेगळीच. माणूस कोळसा, तेल, वायू जाळून सोडतो तो दहाएक अब्ज टन. एवढ्या व्यवहारात त्याची काय मातब्बरी? समोरचा गप्प व्हायचा. मला बरं वाटायचं.

मी व्यवसायाने लेखापरीक्षक. हाच युक्तिवाद एखाद्या अशिलाने केला असता, तर उलाढाल म्हणजे शिल्लक नव्हे, हे मीच त्याला सुनावलं असतं. झाडं जे घेतात ते श्वसनातून, पाचोळा कुजून, जवळजवळ सगळं परत येतं. चंद्रपूरच्या खाणीतला कोळसा मात्र पंचवीस कोटी वर्षांहून अधिक काळ या देवघेवीच्या बाहेर होता. तो जाळला की हवेच्या खात्यात नुसती जमा. जमीन आणि समुद्र मिळून निम्म्याच्या आसपास रिचवतात, बाकीचा साठतो. चार्ल्स कीलिंग यांनी 1958 साली हवाईतल्या मौना लोआवर मोजणी सुरू केली, तेव्हा हवेच्या दहा लाख रेणूंत कार्बन डायऑक्साइडचे 315च्या आसपास होते. 2024मध्ये ते 420च्या पुढे गेले.

तरीही मी अडून बसलो. वाढ झाली, पण ती माणसामुळेच कशावरून? हान्स सूस यांनी 1955 साली दाखवलं होतं की विसाव्या शतकातल्या लाकडात किरणोत्सारी कार्बन-14 जुन्या लाकडापेक्षा कमी आहे. कोळशात तो केव्हाच संपलेला असतो, म्हणजे त्याच्या धुराने हवेतलं प्रमाण पातळ झालं. ज्वालामुखीचा कार्बनही तसाच जुना, ही माझी शेवटची पळवाट. ती कीलिंग यांचा मुलगा राल्फ यांच्या मोजणीने बुजवली: हवेतला ऑक्सिजनही किंचित घटतो आहे. ज्वलनाला तो लागतो. ज्वालामुखीतून वायू नुसता बाहेर पडतो. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

वृक्षारोपणाबद्दलची कुरकुर मात्र मी सोडलेली नाही. 2019 साली आपल्या राज्याने 33 कोटी रोपांचं उद्दिष्ट ठेवलं होतं. झाडं लावावीत, सावलीसाठी, पाण्यासाठी, पाखरांसाठी. पण झाडातला कार्बन म्हणजे मुदत ठेव, एका वणव्यात मोडणारी. खाणीतला उपसा रोपांनी भरून निघाल्याचा ताळेबंद कुणी पुढे ठेवला, तर मी त्यावर सही करणार नाही.