ऋणमुक्तीचा उन्हाळा : फिनलंड, १९५२

वाचकहो, युरोपचा नकाशा उघडून दृष्टी उत्तरेकडे न्या. स्वीडन आणि रशिया यांच्यामध्ये, अरण्यांनी व सहस्रावधी सरोवरांनी व्यापलेला फिनलंड देश तुम्हांस दिसेल. त्याची राजधानी हेलसिंकी. या नगरीत गेलात, तर ऑलिंपिक क्रीडांगणाचा शुभ्र मनोरा पाहिल्याशिवाय परतू नका. त्याची उंची ७२.७१ मीटर आहे. हा आकडा असा का, असे तुम्ही विचाराल. मात्ती यार्विनेन या फिनिश खेळाडूने १९३२ साली लॉस एंजेलिस येथे सुवर्णपदक मिळविताना भाला नेमका तितका दूर फेकला होता!

हे क्रीडांगण १९३८ साली उभे राहिले. १९४० चे ऑलिंपिक सामने येथे व्हावयाचे होते. परंतु महायुद्धाच्या वणव्यात ते रद्द झाले. सोव्हिएट संघाशी दोनदा युद्ध होऊन १९४४ साली शस्त्रसंधी झाला, तेव्हा करेलिया प्रांताचा मोठा भाग फिनलंडच्या हातून गेला आणि चार लाखांहून अधिक माणसे घरदार सोडून उरलेल्या देशात आली. निर्वासितांचे दुःख आपणां भारतीयांस वेगळे सांगावयास नको. चाळीस लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या त्या देशाने १९४५ साली कायदा करून त्यांना शेतजमिनी दिल्या.

त्यातच युद्धाच्या भरपाईचे ओझे डोक्यावर आले. १९३८ च्या भावांच्या आधारे ३० कोटी डॉलरांचा माल सोव्हिएट संघास द्यावयाचा होता. पुढे रक्कम काहीशी कमी झाली आणि सहा वर्षांची मुदत आठ वर्षांची झाली. तरी भार जडच होता. लाकूड व कागद या देशापाशी विपुल. पण मागणी मुख्यतः जहाजे, आगगाडीची इंजिने आणि यंत्रसामग्री यांची! मग नव्या गोद्या बांधल्या गेल्या, कारखाने वाढले आणि शेतावर राबणारे कितीतरी हात यंत्रावर बसले.

अशा स्थितीत १९५२ चा उन्हाळा उगवला. १९ जुलै रोजी पावसाच्या सरींत राष्ट्राध्यक्ष पासिकिवी यांनी सामन्यांचे उद्घाटन केले. पंचावन्न वर्षांचे पावो नुर्मी मशाल घेऊन धावत क्रीडांगणात आले, तेव्हा सारा जनसमुदाय हर्षाने उभा राहिला. मनोऱ्याच्या माथ्यावरील ज्योत चेतविली ती नुर्मींच्याही आधीचे थोर धावपटू हान्नेस कोलेह्मायनेन यांनी. ज्या सोव्हिएट संघास भरपाईचा माल जात होता, त्याचे खेळाडूही प्रथमच ऑलिंपिकमध्ये उतरले आणि यजमानांनी त्यांचे आतिथ्य केले. चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेक यांनी ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन या तिन्ही शर्यती जिंकल्या.

हेलसिंकीचे नाव आपल्याकडेही आपुलकीने घेतले जाते. कऱ्हाडनजीकच्या गोळेश्वर गावचे मल्ल खाशाबा जाधव यांनी २३ जुलै रोजी येथेच कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. प्रवासखर्चासाठी लोकांनी वर्गणी काढून पाठविलेल्या या मल्लाने त्या विश्वासाचे चीज केले. हॉकीत भारताने नेदरलंड्‌सला ६-१ असे हरवून सुवर्णपदक राखले. त्यांतील पाच गोल एकट्या बलबीरसिंगांचे होते.

सामने ३ ऑगस्टला संपले आणि पाहुणे आपापल्या देशी गेले. फिनिश कामगार मात्र कामावरच होते. १८ सप्टेंबर १९५२ रोजी भरपाईच्या मालाची शेवटची आगगाडी वाइनिक्काला या सीमेवरील स्थानकातून पलीकडे गेली. देणे फिटले! घरी मात्र टंचाई सरली नव्हती. शिधावाटपाची शेवटची बंधने उठावयास १९५४ साल उजाडले.

कर्ज फेडताना उभारलेल्या कारखान्यांनी पुढे देशालाच हात दिला. समुद्रातील बर्फ फोडून वाट काढणारी फिनिश जहाजे आज जगभर नावाजली जातात. क्रीडांगणाचे नूतनीकरण होऊन ते २०२० साली पुन्हा खुले झाले. कधी त्या मनोऱ्यावर चढण्याचा योग आला, तर मैदानाबरोबर दूरवर पसरलेले शहर व समुद्रही न्याहाळा. देणे असलेल्या घराने दारी आलेल्या पाहुण्याचे स्वागत कसे करावे, हे त्या वर्षी याच शहराने जगास दाखविले.