खाडीपलीकडचा किल्ला

राजा बोलावून घेतो, राज्य वाचवायला सांगतो आणि हातावर 120 मोहरा टेकवतो. गावातल्या दुकानात तांब्याची तलवार 180ला! मग काय, सोटा विकत घ्यायचा आणि निघायचं. सरकारी कामाची ही रीत जपानलाही ठाऊक असावी.

‘ड्रॅगन क्वेस्ट’ हा खेळ 1986चा. युजी होरींनी रचलेला, राक्षस अकिरा तोरियामांच्या हातचे, संगीत कोइची सुगियामांचं. आता तो मोबाइलवर, एका अंगठ्यानेही खेळता येतो. त्यामुळे विरारच्या पुढे, डहाणू लोकलमध्ये दांडीला लटकूनही जमतो. सफाळ्याला निळ्या थेंबासारखा एक स्लाइम मरतो, केळव्याला दुसरा. इथे घाई कुणालाच नाही. आपण वार करायचा, मग शत्रूने. आपण खिडकीबाहेर बघत बसलो, तर तोही बिचारा ताटकळतो.

राजवाड्याबाहेर पाऊल टाकलं, की पाण्यापलीकडे ड्रॅगनराजाचा किल्ला दिसतो. शेवट पहिल्याच मिनिटाला समोर! पण मधल्या चिंचोळ्या पाण्यासाठी अख्खा मुलूख पालथा घालावा लागतो. पूल ओलांडला, की राक्षस दांडगे होतात. पाटी कुठेच नाही. हद्द मार खाऊन कळते. डहाणूच्या किनाऱ्यावर उभं राहिलं, की खाडीपलीकडे वीज केंद्राची चिमणी अशीच नजरेत भरते. (तिथे राक्षस राहतो, असं माझं म्हणणं नाही.) तलासरीहून हायवेने येताना महालक्ष्मीचा सुळकाही तसाच. चारोटीच्या अलीकडेच दिसू लागतो. वर चढणाऱ्याला विचारा तो किती लांब आहे ते.

मूळ जपानी खेळात डाव साठवायची सोय नव्हती. राजा 20 अक्षरांचा मंत्र सांगायचा, पोरांनी तो कागदावर उतरवून घ्यायचा आणि पुढच्या वेळी जसाच्या तसा भरायचा. एक अक्षर चुकलं, की सगळी कमाई पाण्यात. मोबाइलवर ती धास्ती गेली. मेल्यावर मात्र राजा आजही उठवतो, दोन शब्द सुनावतो आणि अर्ध्या मोहरा गायब झालेल्या असतात.

तरी मला या खेळाचं खरं नातं लागतं ते गंजाडशी, वारली चित्रकार जिव्या सोमा मशेंच्या गावाशी. वारली चित्रात शेत वरून पाहिलेलं असतं आणि त्यात राबणारी माणसं बाजूने. डोंगर, झाड, माणूस यांच्या मापाचा हिशेब कुणी मागत नाही. होरींच्या नकाशातही नायक गावाएवढा. एक पाऊल टाकलं, की सगळं गाव पायाखाली. हल्लीच्या खेळांत गवताचं पातं न पातं हलतं, पण पुढचं वळण दिसत नाही. इथे सगळा मुलूख मांडून ठेवलेला, फिरायचं तेवढं बाकी. जपान्यांना हे चित्र परकं वाटलं नसावं: निइगाता प्रांतात तोकामाचीला मिथिला संग्रहालय आहे, तिथे मधुबनीसोबत वारली चित्रंही आहेत.

आणि तलासरीत आता जपान आलंय ते खांबांवरून. बुलेट ट्रेन धावू लागली, की लोक कौतुकाने बसतील, मीही बसेन. हा खेळ मात्र तिच्यात उघडायचा नाही. वापी ते बोईसर एवढ्यात एक स्लाइमसुद्धा धड मरायचा नाही.