चार चाकांचें बळ

घरांत नवी वस्तु आली म्हणजे तिच्यासोबत एक नवा समजहि येतो. आणि वस्तु जुनी झाली तरी समज मात्र ताजाच राहतो. आमच्या एकत्र कुटुंबांत चारही चाकांस एंजिनाची शक्ति देतां येणारी जीपगाडी आली, तेव्हां असाच एक समज घरांत शिरला. तो असा कीं, चारही चाकें ओढूं लागलीं म्हणजे गाडी दुप्पट सुरक्षित होते. आमच्या पुतण्यानें तर गणपतीस पुण्याहून कोंकणांत जातांना सबंध रस्ता चार चाकांवरच, आणि तोहि रात्रीं, काटण्याचा बेत केला. गाडींत आमच्या मातोश्री व दोन लहान मुलें बसावयाचीं होतीं. अर्थात् प्रश्न केवळ यंत्रविद्येचा न राहतां घराचा झाला.

अशा गाड्यांच्या मुख्यतः दोन जाती आहेत, हें प्रथम ध्यानांत घ्यावें. पहिल्या जातींत पुढच्या व मागच्या कण्यांच्या दरम्यान एक दंतचक्रांची योजना असते. ती दोहोंस निरनिराळ्या वेगानें फिरूं देते, म्हणून तशी गाडी कोरड्या रस्त्यावरहि सदैव चार चाकांवर चालते. दुसऱ्या जातींत ही मधली योजना नसते. १९४१ सालीं युद्धासाठीं निघालेली विलीस जीप या जातीची. २०२० सालच्या नव्या रूपांतील चार चाकांच्या शक्तीची महिंद्र थार आणि २०२३ सालीं आपल्याकडे विक्रीस आलेली मारुती जिम्नी याहि त्याच वंशांतल्या. एरवीं मागचीं दोन चाकें गाडी ढकलतात. तरफ ओढली कीं पुढचा व मागचा कणा एकाच गतीस बांधले जातात.

या बांधण्यांतच सारें मर्म आहे. पालखी वळणावर आली म्हणजे पुढच्या भोयांस बाहेरून अधिक चालावें लागतें, मागच्यांस कमी. दोघांनीं सारखींच पावलें टाकावींत असा हट्ट धरला तर दांडी पिळवटेल. मोटारीचें तसेंच आहे. दोन कण्यांमध्यें २.४५ मीटर अंतर आहे आणि मागच्या कण्याचा मध्य ६ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर चालला आहे, असें धरूं. काटकोनांत वळतांना मागचा कणा सुमारें ९.४ मीटर चालेल, तर पुढचा सुमारें १०.२ मीटर. एकाच वळणांत हें पाऊण मीटरहून अधिक अंतर पडलें! चिखलांत किंवा वाळूंत चाक किंचित् घसरतें आणि हा फरक फिटतो. कोरडें डांबर मात्र चाकास घसरूं देत नाहीं. मग पीळ दांड्यांत व दांत्यांत सांचतो, सुकाणू जड होतें, गाडी हिसके देते, टायर झिजतात, आणि तरफ परत घ्यावी म्हटलें तर ती हटून बसते. अशा वेळीं गाडी सरळ रेषेंत चार-सहा हात मागें घेतली कीं बहुधा पीळ सुटतो.

मग पक्क्या रस्त्यावर हें बळ वापरूंच नये काय? वापरावें, पण रस्ता नांवाचाच पक्का उरला असेल तेव्हां. पावसाळ्यांत घाटांत दरडीची माती डांबरावर उतरते, ट्रॅक्टरांच्या चाकांबरोबर शेतांतला चिखल हमरस्त्यावर येतो, हिमाचलांत सडकेवर बर्फ सांचतें. असा पट्टा दिसतांच, चाकें गरगरूं लागण्यापूर्वीं, तरफ ओढावी. आणि कोरडें डांबर लागतांच ती परत घ्यावी. नुसत्या ओल्या डांबरावर साधारणतः दोन चाकें पुरतात. मंदगतीची, अधिक ताकदीची जी चार चाकांची पायरी असते, ती खोल चिखलासाठीं व बिकट चढासाठीं राखून ठेवावी. पक्क्या सडकेवर तिचें काम नाहीं.

हें ऐकून पुतण्या म्हणाला, “काका, बळ असून तें झांकून कां ठेवायचें?” प्रश्न खोटा नव्हता. आम्ही उत्तर देण्यापूर्वींच मातोश्रींनीं विचारलें, “अरे, त्यानें गाडी लौकर थांबते का, तेवढें सांग.” पुतण्या गप्प राहिला, कारण थांबत नाहीं हें त्यासहि ठाऊक होतें. ब्रेक प्रत्येक मोटारीस चारही चाकांना असतातच. एंजिनाची शक्ति चारांत वांटली म्हणून टायरची रस्त्यावरील पकड कांहीं वाढत नाहीं. निसरड्यावरून गाडी पुढें काढण्यास हें बळ उपयोगी. वळणावर तोल राखण्यास किंवा समोर म्हैस आल्यास थांबण्यास नव्हे. किंबहुना सहज पुढें जातां येतें म्हणूनच चालकास निसरडेपणाची खूण उशिरां पटते, आणि धोका असतो तो येथेंच.

शेवटीं प्रवास दिवसा करावयाचा, घाट खालच्या गिअरमध्यें सावकाश उतरावयाचा, आणि तरफेस हात रस्ता पाहूनच लावावयाचा, असें ठरलें. पुतण्यानेंहि तें मनापासून मानलें. ज्यांच्या दारीं अशी गाडी असेल त्यांनीं ती कोणत्या जातीची आहे हें तिच्या पुस्तिकेंत एकदां पाहून घ्यावें, आणि घरांतील प्रत्येक चालविणारास, मुलींस व सुनांसहि, तरफेचा हा नियम समजावून द्यावा. तरण्यांच्या हातीं किल्ली देतांना तिच्याबरोबर एवढें ज्ञान देणें हें वडीलधाऱ्यांचें कामच आहे.